काढली की निघावी, पण सुटू नये

आज मी तुमच्याशी कवितेबद्दल बोलणार नाही. मोटारसायकलच्या मागं बसवायच्या पेटीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण एका पेटीनं मला भर रस्त्यात खाली मान घालायला लावली. म्हणून ठरवलं, जे आपल्याला उशिरा कळलं ते चार लोकांना आधी सांगावं.

माझं गाव ढोकी. लातूर-बार्शी रस्त्यावरचं, साखर कारखान्यामुळं ओळखलं जाणारं. माझे अब्बा बांगड्या विकायचे. माल फिरोजाबादचा, गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं. तेर, मुरूड, येडशी अशी त्यांची फिरती असायची, आणि वाहन म्हणजे सायकल. कॅरियरवर लाकडी पेटी, पेटीत गवताच्या थरांत ठेवलेले काचेच्या बांगड्यांचे तोडे. रस्ते तेव्हा कसे होते ते वेगळं सांगायला नको. तरीही संध्याकाळी पेटी उघडल्यावर फुटलेल्या बांगड्या मूठभरसुद्धा निघत नसत. पेटी बांधायच्या वेळी मी रबरी ट्यूबची पट्टी धरून उभा असायचो, आणि अब्बा दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "बोजा चाक पे रहना, चाक के पिच्छे नको." हजार वेळा ऐकलं असेल. म्हणूनच बहुधा एकदाही नीट ऐकलं नाही.

आता माझ्या पेटीकडं येतो. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. वयाच्या पन्नाशीनंतर मी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेतली. आमच्या घरी बायकोनं समुद्र पाहिलेला नव्हता. ठरलं असं, की बार्शीवरून पंढरपूर, तिथून मिरज, कोल्हापूर, आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि शेवटी वेंगुर्ला. वाटेत बार्शीच्या पुढं एका गावात कविसंमेलन होतं, तेही करून घ्यायचं. एवढ्या प्रवासाला पाठीवरच्या पिशव्या चालणार नव्हत्या. म्हणून मी एक टणक प्लास्टिकची पेटी आणली. पावसात न भिजणारी, कुलपाची आणि मुख्य म्हणजे काढता येणारी. किल्ली फिरवली, खटका दाबला की पेटी हातात. मुक्कामाला ती सुटकेससारखी खोलीत न्यायची आणि सकाळी पुन्हा गाडीवर चढवायची.

ही युक्ती जगात रुळली त्यात एका इटालियन माणसाचा मोठा वाटा आहे. जुझेप्पे विसेन्झी हा मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणारा खेळाडू. शर्यती सोडल्यावर त्यानं १९७८ साली गिव्ही नावाची कंपनी काढली आणि तिच्या पेट्या पुढं जगभर गेल्या. पण खरं सांगू का, काढता-घालता येणारं सामान गाडीला लावायची अक्कल आपल्या दूधवाल्याकडंही होतीच. राजदूतच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या, कड्यांत अडकवलेले दुधाचे कॅन. डेअरीवर आला की उचलून खाली, रिकामे झाले की पुन्हा कडीत. ओझं दोन्हीकडं सारखं आणि चाकाच्या अंगालगत खाली. कावडीचाच हिशेब तो.

माझा हिशेब मात्र चुकला. गाडीला मूळ कॅरियर नव्हतं. मी एका वेल्डिंगवाल्याकडून ते करून घेतलं आणि त्याला सांगितलं, "मागं जरा लांब घे, बसायला ऐसपैस जागा राहू दे." त्यानं मी सांगितलं तसं केलं. त्यामुळं पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही वीतभर मागं गेली. पेटीत मी काय भरलं? माझ्या कवितासंग्रहाच्या चाळीस प्रती. कवितेचं पुस्तक हलकं असतं हा लोकांचा गैरसमज आहे. पाव किलोची एक प्रत धरा, चाळीस प्रतींचे दहा किलो झाले. पेटीच्या बुडाला बारीक अक्षरांत कमाल भार पाच किलो असं कोरलेलं होतं. ते मी नंतर वाचलं.

येडशीच्या अलीकडं मागून आवाज आला, "अजी, पिच्छे से हिलरी देखो." मी म्हटलं, रस्ता खराब आहे. थोड्या वेळानं हँडलही हातात नाचायला लागलं. मी म्हटलं, वारा आहे. माणसाला थांबायचं नसलं की कारणं सापडतात. पुढं एक गतिरोधक आला. गाडी उडाली, मागं धाडकन आवाज झाला आणि पाठीवरचं ओझं एकाएकी हलकं झालं. वळून पाहिलं तर पेटी रस्त्यावर लोळण घेत होती, चाळीस प्रतींपैकी निम्म्या डांबरावर, आणि पेटी चुकवायला गेलेला एक तरुण त्याच्या गाडीसह आडवा पडलेला.

त्याचं हाडबीड मोडलं नाही, एवढं नशीब. पण मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलून निघाला होता. आमच्या घरच्यांनी ओढणी फाडून हात बांधला. मी तोंडानं माफी मागत राहिलो. तो रागावलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "चाचा, पेटी बांधायची असती हो." मागून एखादा उसाचा ट्रक असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मला रात्री जागा करतो. आपलं ओझं आपल्याला जड झालं तर एक वेळ चालतं, पण त्याखाली मागून येणारा सापडला तर कुणाला तोंड दाखवायचं? त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी झाली. संमेलन राहिलं. आम्ही माघारी ढोकीला आलो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकडं गाडी नेली. कॅरियरकडं बघून ते हसलेच. म्हणाले, "उसाची गाडी कधी भरली नाही वाटतं?" कारखान्याच्या गावातल्या माणसाला याहून मोठा टोमणा नाही. बैलगाडी भरताना मागचा भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला फास बसतो. मोटारसायकलचंही तेच. आसाच्या मागं भार गेला की पुढचं चाक हलकं होतं, आणि पुढचं चाक हलकं झालं की हँडल नाचणारच. अब्बांचं वाक्य तेव्हा, चाळीस वर्षांनी, मला ऐकू आलं.

ओझं कुठं आणि किती पडतं यावर सगळं असतं, हे आमच्या गावानं आणखी एका वाहनात पाहिलेलं आहे. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली, आणि पुढं लातूरपर्यंत जाताना ढोकीवरून गेली. कॅलथ्रॉपचा आग्रह असा, की इंजिन असो की डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये आणि तो सगळीकडं सारखा वाटला गेला पाहिजे. त्यामुळं हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. लहानपणी त्या गाडीत बसून आम्ही तिच्या वेगाची चेष्टा करायचो. तिच्यामागं केवढा विचार होता ते आता कळतं.

तर श्रोतेहो, मिस्त्रींनी मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, कॅरियर गाडीच्या मूळ सांगाड्याला, म्हणजे चासीला कसलेलं हवं. मडगार्डला नको, नुसत्या मागं धरायच्या दांडीलाही नको. आपल्या गाडीसाठीच बनवलेलं तयार कॅरियर मिळत असेल तर तेच घ्यावं. त्यावर पेटीची प्लेट बसते. ती होईल तितकी पुढं घ्यायची, मागच्या माणसाच्या पाठीला टेकेल एवढी. बोल्टला वॉशर हवेत आणि नट नायलॉनची कडी असलेले हवेत, म्हणजे हादऱ्यानं फिरत नाहीत. नट आवळला की नट-बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट हलला, हे पाना न लावताच कळतं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे.

दुसरी गोष्ट, खटका. पेटीच्या बुडाची पुढची बाजू आधी प्लेटच्या आकड्यात सरकवायची, मग मागची बाजू दाबायची. टक्‌ असा आवाज आला पाहिजे. माझा घात इथंही झाला होता. आतल्या पिशवीचा बंद खटक्यात अडकला होता, त्यामुळं खटका अर्धाच बसला. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही हातांनी पेटी वर ओढून बघायची, गाडी हलली पाहिजे, पेटी नाही. मग किल्ली फिरवून काढून घ्यायची. वर एक पट्टा बांधला तर लाज वाटायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट, भार. मागच्या उंच पेटीची मर्यादा बहुधा तीन ते दहा किलोंच्या आत असते. आपल्या पेटीची किती, ते तिच्यावरच वाचावं. उंच पेटीत कपडे, रेनकोट असं हलकं सामान. जड वस्तू खाली, बाजूच्या पेट्यांत, दोन्हीकडं सारख्या. सायलेन्सरच्या बाजूची पेटी त्यापासून लांब हवी, नाहीतर प्लास्टिक वितळतं. दोघं बसल्यावर गाडी दबते, तेव्हा पेटी चाकाला घासत नाही ना, तेही बघावं. भार वाढला की मागचा शॉकअप कडक करायचा, टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा भरायची आणि वेग कमी ठेवायचा. मोकळ्या माळावर आडव्या वाऱ्यात पेट्या शिडासारखा वारा धरतात.

आणि चौथी गोष्ट कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली अशा पेटीचं माप घातलं गेलं. लांबी ५५, रुंदी ५१ आणि उंची ५० सेंटिमीटर, याहून मोठी नको. पेटी मागच्या सीटच्या जागेवर बसवली तर मागं माणूस बसवता येत नाही. पेटी सीटच्या मागं असेल तरच दुसऱ्याला जागा.

घरी आल्यावर मी अब्बांची लाकडी पेटी माळ्यावरून खाली काढली. बुडाला एक लोखंडी पट्टी ठोकलेली होती, पुढच्या टोकाला वाकवलेली. लहानपणापासून बघत होतो, ती कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं. ती वाकवलेली पट्टी सायकलच्या कॅरियरच्या दांडीत अडकायची, म्हणजे पेटी मागं सरकत नसे. मग वरून ट्यूब. आधी पुढचा आकडा, मग मागची पकड. माझ्या नव्या पेटीत तरी दुसरं काय होतं?

महिनाभरानं आम्ही पुन्हा निघालो. कॅरियर नवं, पेटी हलकी, पुस्तकं फक्त पाच. मधल्या काळात त्या तरुणाकडं दोनदा जाऊन आलो, हात बरा झाला होता. वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. घरच्यांनी समुद्र किती वेळ पाहिला ते मी सांगणार नाही, तो त्यांचा ऐवज आहे. मी तोवर किल्ली फिरवली, पेटी काढली आणि खोलीत नेऊन ठेवली. अगदी सहज निघाली.

सकाळी ती मी पुन्हा चढवली. टक्‌ आवाज आला. मी गाडीवर बसलो तरी मागं कुणी बसेना. वळून पाहिलं तर घरचे दोन्ही हातांनी पेटी ओढून बघत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, "अब चलो." तेव्हापासून आमच्या गाडीचा हाच नियम आहे. तुमच्या गाडीवर पेटी असो, कॅन असो की गॅसची टाकी, निघण्याआधी तेवढी एकदा ओढून बघा. मागून कुणीतरी येत असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)