रोस्टर हातात येईल तेव्हा



हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेऊन आज बाहेर पडणारे अनेक जण काही वर्षांत एखाद्या विभागाचे प्रमुख होतील. तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन कागद येतील. एक सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा अहवाल, शाळेला दिलेल्या बाकांच्या आणि किनारा सफाईच्या फोटोंसह. दुसरा पुढच्या आठवड्याचा ड्यूटी रोस्टर. पहिल्याचं कौतुक होतं, दुसऱ्याकडे सहसा कुणी वळूनही पाहत नाही.

2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावतं. स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च मात्र त्यात धरता येत नाही. हे योग्यच आहे. आरोग्यविमा आणि रात्री घरी सोडणारी गाडी हा दानधर्म नाही, तो धंद्याचा रोजचा खर्च आहे.

आता रोस्टरवरची माणसं पाहा. हाउसकीपिंगमधली मुलगी जड गादीचा कोपरा एका हाताने उचलते, दुसऱ्या हाताने चादर खोचते, मग वाकून टब घासते आणि ट्रॉली पुढच्या दारापाशी ढकलते. हे एका शिफ्टमध्ये डझनभर खोल्यांत. रेस्टॉरंटमधल्या मुलाची ब्रेक शिफ्ट असते: सकाळी काही तास, दुपारी मोकळा, संध्याकाळी पुन्हा हजर. कागदावर तास नियमात बसतात. पण विरारहून दक्षिण मुंबईत येणारा दुपारी घरी जाणार कसा? त्याचा अख्खा दिवस हॉटेलच्याच नावावर जातो.

26 नोव्हेंबर 2008च्या रात्री दहशतवादी हल्ल्यात मुंबईतल्या ताज हॉटेलमधल्या टेलिफोन ऑपरेटर जागेवर बसून राहिल्या, खोल्यांत अडकलेल्या पाहुण्यांना दार उघडू नका म्हणून सांगत राहिल्या. स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांना बाहेर काढताना जीव गमावले. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी या वागण्याची मुळं शोधली, तेव्हा ती त्या रात्रीच्या कितीतरी आधी रुजलेली दिसली: मुंबईऐवजी पुण्यासारख्या शहरांतून केलेली भरती, वर्षाऐवजी दीड वर्षाचं प्रशिक्षण, आणि 2001पासून पाहुण्यांनी केलेल्या कौतुकाइतकीच सहकाऱ्यांनी केलेल्या कौतुकाचीही दखल घेणारी पद्धत. हल्ल्यानंतर त्याच डिसेंबरात ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट उभा राहिला. त्याची मदत हॉटेलच्या लोकांपुरती न ठेवता हल्ल्याची झळ बसलेल्या इतरांपर्यंतही नेण्यात आली. असं धैर्य कुणाकडूनही मागता येत नाही, मागूही नये. पण कर्मचाऱ्यांना मिळणारी रोजची वागणूक कशी असावी, हे व्यवस्थापनाच्या हातात असतं.

रोजच्या सुरक्षिततेचंच पाहा. शिकागो शहराने 2017मध्ये खोलीत एकट्याने काम करणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्यांना धोक्याच्या वेळी मदत बोलावणारं पॅनिक बटन देणं सक्तीचं केलं. आपल्याकडे त्यासाठी वेगळ्या कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही.

स्नातकहो, लग्नसराईत साप्ताहिक सुट्टी रद्द करायची वेळ आलीच, तर बदली सुट्टीची तारीख त्याच रोस्टरवर लिहा. ज्याची शेवटची लोकल चुकणार आहे, त्याच्या नावापुढे गाडीचा नंबरही लिहा. आणि स्टाफ कॅन्टीनमध्ये आठवड्यातून काही वेळा तरी, न सांगता जेवायला बसा.