माणूस आखातात, नंबर गावात

आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतून कुणाचा नवरा दुबईला, कुणाचा मुलगा कुवेतला. निघताना पासपोर्ट, व्हिसा, लोणच्याची बरणी, सगळं आठवणीनं भरलं जातं. त्याच्या इथल्या मोबाईल नंबरचं काय, हे मात्र कुणी बोलत नाही. चार महिन्यांनी बँकेचा ओटीपी येईनासा झाला की मग धावपळ!

त्या दहा आकड्यांना काय काय जोडलेलं असतं बघा. बँकेचं खातं, आधार, गॅसची टाकी. नंबर बंद पडला, तर काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग आपले मेसेज परक्याच्या फोनवर.

आता नियम ऐका. प्रीपेड सिमवरून सलग ९० दिवस फोन, मेसेज, इंटरनेट काहीच झालं नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते. पण खात्यात २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून ३० दिवस वाढवून द्यायचे, असा ‘ट्राय’चा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, २०१३ सालचा नियम आहे. यावर विसंबून मात्र राहू नका. नंबर जिवंत राहील, पण पॅक संपलेला असेल तर ओटीपी येईलच असं नाही. आणि आपल्याला हवा असतो तो ओटीपीच.

म्हणून पॅक चालू ठेवा. परदेशी गेलेल्याला इथलं रोजचं दीड जीबी नेट काय कामाचं? नुसत्या कॉल आणि मेसेजचा, इंटरनेट नसलेला पॅक कंपन्यांनी ठेवायलाच हवा, असं ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार महागातला दाखवेल, तुम्ही नाव घेऊन मागा. रिचार्ज इथूनही होतो, सिम समोर लागत नाही. तारीख घरातल्या बाईनं सांभाळावी. गटाच्या हप्त्याची तारीख विसरतो का आपण?

सिम कुणाकडे ठेवायचं? खातं त्याचं असेल तर त्याच्याकडेच बरं. दोन सिमच्या फोनमध्ये एक तिथलं, एक आपलं. फक्त विमानात बसण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि त्या सिमचं इंटरनेट बंद ठेवायचं, नाहीतर बिल डोळे पांढरे करतं. मेसेज यायला सहसा पैसे पडत नाहीत, फोन उचलला तर पडतात. सिम घरी ठेवलंच, तर साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, चार्जिंग ठेवा, महिन्यातून एकदा त्यावरून माहेरी फोन करा.

बँकेतही सांगायला हवं. नोकरीसाठी बाहेर गेलेल्याचं खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. त्या खात्याला तिथला नंबर जोडता येतो का, हे शाखेत विचारा. सौदी, ओमान, कतार, यूएई इथल्या नंबरांवर यूपीआय चालवायला २०२३ साली मुभा मिळाली. त्या यादीत कुवेत नव्हतं, म्हणून कुवेतवाल्यांनी इथला नंबर जास्तच जपावा.

आणि ‘कंपनीतून बोलतोय, तुमचा नंबर आज बंद होणार, ओटीपी सांगा’ असा फोन आला, की सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच, तर उद्यावर न टाकता त्याच घडीला १९३० वर फोन लावा.