गच्चीवरचा डांब
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव म्हणाले, "साहेब, सोसायटीवर दहा मिनिटं बोला." आपला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला आणि पाठोपाठ आपली सोसायटी उभी राहिली, हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. ताळेबंद खजिनदार मांडतील. मी माझ्या नावावरची एक जुनी बाकी फेडायला उभा आहे. ती आहे मागच्या इमारतीच्या गच्चीवरच्या डांबाची.

पोरं विचारतात, "आजोबा, तो डांब कशाचा? टीव्हीचा तर नाही!" बाळांनो, ती हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची अँटेना आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग 'व्हीयू'ने सुरू होणारं आपलं एक सांकेतिक नाव मिळतं आणि जगभरातल्या हौशी लोकांशी बोलता येतं. मध्ये कुठली कंपनी नाही, टॉवर नाही. आपल्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात.

मला हा नाद लागला तो किल्लारीमुळे. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट होत होती. भूकंपानं गावंच्या गावं गाडली गेली. तेव्हा हौशी रेडिओवाले संच घेऊन तिथं पोचले आणि निरोप पोचवू लागले. ते वाचलं आणि चाळिशी ओलांडल्यावर मी मोर्सचं कट्ट-कडकट्ट शिकायला बसलो. पुढे 2004 च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी बातम्या बाहेर पोचवल्या. म्हणून हा नुसता म्हातारपणाचा चाळा नाही, एवढं सांगतो.

आता बाकीचा हिशेब. सोसायटीनं आमसभेत मला गच्चीवर अँटेनेची परवानगी दिली. अट एकच होती, इमारतीला इजा होऊ नये. मी मात्र पायाची लोखंडी पट्टी बसवताना स्लॅबमध्ये चार भोकं पाडली, बोल्ट मारले, वरून मसाला भरला आणि विसरलो.

तीन वर्षांपूर्वी खालच्या घरात छत गळू लागलं. ते शेजारी समोरच बसलेत, नाव घेत नाही. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या डांबापासूनच पाणी येते." मी बँकवाला. म्हटलं, "पुरावा काय?" ते म्हणाले, "काहून, छत दिसत नाही का तुम्हाले?" मी म्हटलं, गच्ची जुनी झाली, गळणारच. दोन पावसाळे त्यांनी पलंगाशेजारी बादली ठेवली. जिन्यात भेटलो तरी नमस्कार होईना. वहिनींनी संक्रांतीचं तिळगूळ मात्र दोन्ही वर्षी पाठवलं. ते खाताना गोड लागलं नाही, हे आज कबूल करतो.

त्याच काळात माझं रेडिओवरचं बोलणंही क्षीण झालं होतं. पूर्वी युरोपातून उत्तर यायचं, आता कोणी ऐकेना. पण मीटर उत्तम दाखवत होता. हा मीटर काय करतो, तर आपण पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली ते सांगतो. परत आलं नाही म्हणजे सगळं अँटेनेतून बाहेर गेलं, असं मी धरून चाललो. अहो, चेक परत आला नाही म्हणजे पैसे पोचलेच असं नसतं, वाटेतही गहाळ होतात! हे मला कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात रिसोडच्या बाजूनं वादळ आलं आणि अँटेना आडवी झाली. पायाची पट्टी उचकटली. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो. शेजाऱ्यांची आठवीतली नात मदतीला आली. तिनं पट्टी बाजूला केली आणि म्हणाली, "आजोबा, इथं बोट जातं." बोल्टच्या भोकातला मसाला केव्हाच भुगा झाला होता. मग आम्ही केबल कापली. आतली तांब्याची जाळी काळी पडलेली, टोकातून पाणी गळलं. वरच्या जोडातून पाणी शिरलं होतं. माझी शक्ती त्या ओल्या केबलमध्येच जिरत होती, म्हणून परत काही येत नव्हतं आणि मीटर खूश होता. एकाच पावसानं त्यांचं छतही भिजवलं आणि माझी केबलही. पुरावा मी मागितला होता, तो माझ्याच पट्टीखाली निघाला.

त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "चूक माझी. छताचा खर्च माझा. अँटेना आता उभारत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खर्च द्या. पण डांब काहून काढता? भोक न पाडता उभा नाही होत का?"

होतो! गवंड्याकडून भोकं बुजवून घेतली, गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं. ट्रकच्या जुन्या टायरमध्ये मधोमध पाइप धरून काँक्रीट भरलं, खाली रबराची चटई. स्लॅबला खिळाही नाही. टायर तुळईच्या वर ठेवला, तो सल्ला शेजाऱ्यांचा. अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या जोडांवर पांढरी पूड चढली होती, ती नातीनं पॉलिश पेपरनं घासली. लांबीचं गणितही तिनंच केलं. 71 ला मेगाहर्ट्झनं भागायचं. 14.2 साठी आलं 5 मीटर. उभा दांडा म्हणजे अर्धीच अँटेना. बुडाशी चार दिशांना पाच-पाच मीटरच्या चार तारा लागतात. माझ्या दोन केव्हाच तुटल्या होत्या, मला पत्ता नव्हता. त्या नव्या लावल्या. तीन बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्यांचा ताण दिला. केबल नवी, अकोल्याहून आणलेली. जोडावर चिकट रबरी पट्टी घट्ट गुंडाळली. विजेसाठी वेगळी तांब्याची पट्टी खाली खड्ड्यात नेऊन अर्थिंग केलं. वादळाची चिन्हं दिसली की केबल काढून ठेवतो. मी बोलत असताना डांबाला कोणी हात लावू नये, म्हणून भोवती दोरी बांधली आहे. पोरांनो, ती ओलांडायची नाही.

त्या रात्री शेजारी, वहिनी आणि नात आमच्याकडे बसले. बराच वेळ हाका मारल्यावर इटलीतून उत्तर आलं. त्यानं गाव विचारलं. रेडिओवर अक्षरं शब्दांनी सांगतात. मी वाशीमचं स्पेलिंग सांगितलं, "व्हिस्की, आल्फा, सिएरा, हॉटेल, इंडिया, माइक." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढा खर्च करून परदेशात व्हिस्की अन् हॉटेलच सांगता काय?" दोन वर्षांनी आम्ही सगळे एकत्र हसलो.

यंदाच्या पावसाळ्यात छत कोरडं राहिलं. मी स्वतः जाऊन हात लावून पाहिलं, मीटरवर विसंबलो नाही.

मंडळी, आता मला शिडी चढवत नाही. नात सध्या परीक्षेची तयारी करते आहे, वय 12 पूर्ण झालं की ती देता येते. माझा संच मी तिच्यासाठी ठेवला आहे. कार्यकारिणीला एकच विनंती. गच्चीची परवानगी तिलाही द्या, आणि यापुढे वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, कुणाचीही वस्तू गच्चीवर असो, खालच्या घरवाल्याला सोबत घेऊन तपासायची, असा ठराव करा.

रेडिओवर निरोप घेताना आम्ही '73' म्हणतो, म्हणजे शुभेच्छा. योगायोगानं माझं वयही तेवढंच आहे. तेव्हा सगळ्यांना 73.