वाकडे दात सरळ होतात



आपल्या किल्ल्यातला पाणी महाल आपण सर्वांनी पाहिला आहे. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर हा बांध घातला. जादा पाणी जायला त्याला नर आणि मादी अशा दोन वाटा ठेवल्या. नदीशी कुणी कुस्ती केली नाही. तिला वाट दिली. आज आपण वाकड्या दातांविषयी बोलू. तिथेही हेच करावे लागते. आधी जागा करायची, मग हळूहळू वळवायचे.

एखादी मुलगी हसू आले की तोंडावर ओढणी धरते. उत्तर येत असूनही वर्गात उभी राहत नाही. घरचे म्हणतात, "देवानं दिले तसे दात. त्याला काय करायचं?"

पण उपाय आहे.

दात वाकडे का येतात? कधी जबडा लहान आणि दात मोठे असतात. हे आईबापांकडून येते. कधी मूल बरीच वर्षे अंगठा चोखते. कधी दुधाचा दात किडून लवकर जातो. मग शेजारचे दात सरकतात. एसटीत एक जण उठला की बाजूचा पसरून बसतो ना? तसेच. म्हणून दुधाचे दातही जपावेत.

प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. वाकड्या दातांत अन्न अडकते. कीड लागते, हिरड्या सुजतात. पुढे आलेला दात पडल्या-झडल्यावर लवकर तुटतो.

आता उपचार कसा करतात ते पाहू. डॉक्टर दात तपासतात, फोटो काढतात, साचा घेतात. जागा कमी असेल तर कधी एखाद-दुसरा दात काढावा लागतो. मग दातांवर धातूचे बारीक तुकडे चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते. असा दात सरकतो. दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते. साधारण दीड-दोन वर्षे लागतात. पहिले काही दिवस दात दुखतात. तेव्हा भाकरी आमटीत कुस्करून खावी. तार असेपर्यंत ऊस, चिक्की, फुटाणे नकोत. प्रत्येक जेवणानंतर ब्रशने दात घासावेत. मिश्री तर कुणीच लावू नये.

दहा ते चौदा वर्षांचे वय यासाठी चांगले. मोठ्या माणसांचेही दात सरळ होतात, पण वेळ जास्त लागू शकतो. प्रत्येक वाकड्या दाताला तार लागतेच असेही नाही. आधी सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांना विचारावे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. सोलापूर जवळ पडते. कुठेही जा, पण खर्च किती आणि खेपा किती, हे आधीच विचारून घ्या. रस्त्यावर बसणाऱ्याकडून दात कानशीने घासून घेऊ नका. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दात सरळ दिसले की पुष्कळ जण जाणे सोडतात. तिथेच घात होतो. नवे हाड पक्के व्हायला वेळ लागतो. तार काढल्यावर डॉक्टर दात धरून ठेवणारी पट्टी देतात. ती सांगितले तितके दिवस वापरली नाही, तर दात परत फिरतात. पैसा गेला, दोन वर्षे गेली आणि ओढणी पुन्हा तोंडावर आली, असे होऊ देऊ नका. सुरू केलेले काम तडीस न्या.