गल्लीतली खुर्ची



नवीन पनवेलच्या पूर्व भागात आमची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना सिडकोची रो-हाउसं. मूळची बैठी, आता बहुतेकांवर एक-दोन मजले चढलेत. पावसाळ्यात उघडीप मिळाली की गल्लीच्या टोकाला माथेरानचा डोंगर दिसतो.

मी इथे आलो तेव्हा संध्याकाळी दारोदारच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाहेर यायच्या. कुणी मेथी निवडतंय, कुणी पाणी कधी येणार ते विचारतंय, पोरांचा बॉल कुणाच्या तरी तुळशीत. खुर्च्या आजही बाहेर असतात, पण त्यांवर माणूस नसतो. जागा अडवायला ठेवलेल्या असतात, गाडीसाठी! समोरच्या खुर्चीचा एक पाय मोडलाय, खाली विटेचा तुकडा. वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाणी भरलेला रंगाचा डबा.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे एक नगररचनाकार होते. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते तपासले. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. शांत रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, गजबजलेल्यावर एकसुद्धा धड नाही, ०.९. 'तुमचं घर कुठवर?' या प्रश्नावर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपलाच धरला, गजबजलेल्यावरच्यांचं घर दारातच संपलं. हेच ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्सला भरधाव गाडीखाली गेले.

आमच्याकडे गाड्या धावत नाहीत, नुसत्या उभ्या असतात. पण समोरच्या काकूंकडे वाटीभर साखर मागायला जायचं तर दोन बंपरांमधून अंग चोरून जावं लागतं. मग माणूस साखर ऑनलाइनच मागवतो. गाडी माझ्याकडेही आहे, म्हणून मोठ्या आवाजात बोलत नाही.

परवा भाजीवाल्या मावशींनी समोरच्या खुर्चीवरचा तो रंगाचा डबा खाली ठेवला आणि सरळ खुर्चीवर बसल्या. पाणी मागितलं. तांब्या घेऊन एक जण आली, मग दुसरी आली, कोथिंबिरीच्या भावावरून वाद रंगला. तेवढ्यात गाडी आली, हॉर्न वाजला. मावशी हलल्या नाहीत.

"थांब की रे दादा," त्या म्हणाल्या, "हिशेब चाललाय."