हेल्परची बुद्धी

(आळंदीला एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, चाकण पट्ट्यात कामाला जाणाऱ्या पोरापोरींसमोर बोललो, त्याचा हा मजकूर. थोडं मागंपुढं केलं आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या.)



मी वक्ता नाही. मला सांगितलंय, एआयवर बोल. पोरं मोबाईलवर रोज बघतात, कंपनीत साहेब लोक बोलतात, पण आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. मी तरी कुठला पंडित? आयटीआय फिटर. लातूर जिल्ह्यातलं गाव, इथं आळंदीत दहा बाय दहाची खोली. खोलीत पाच जण. शिफ्टप्रमाणं झोपायच्या पाळ्या लावलेल्या. त्यामुळं मी जे बघितलं ते सांगणार. पुस्तकातलं थोडं सांगीन, ते तपासून घ्या.

आपण बसलोय त्या गावाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चांगदेव वाघावर बसून आला आणि ही भावंडं भिंतीवर बसून त्याला सामोरी गेली. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. भिंत अजून दाखवतात. आई गावाकडनं आली तेव्हा मी पण तिला दाखवली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "लेका, बांधली कुनी व्हती रं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पण दुसरी एक भिंत आहे, तिचं उत्तर आहे. मंगळवेढ्याचं गावकूस. 1338 साली ते बांधताना कोसळलं आणि खाली मजूर गाडले गेले, असं सांगतात. त्यात चोखामेळा. अभंग रचणारा माणूस गावकुसाचे दगड वाहत होता. एक भिंत चालली, तिचा चमत्कार झाला. एक भिंत पडली, ती आपल्या अंगावर पडली. साहेब लोक एआयचे गोडवे गातात तेव्हा मला आईचा प्रश्न आठवतो. बांधली कुणी?

आता माझी गोष्ट.

कंपनीचं नाव घेत नाही. चाकण पट्ट्यातली आहे, एवढं बस. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचे पार्ट बनतात, ते पुढं मोठ्या गाडीवाल्यांकडं जातात. माझं काम इन्स्पेक्शनचं. पार्ट हातात घ्यायचा, ट्यूबखाली फिरवायचा. ब्लोहोल आहे का, चीर आहे का, बर राहिली का. ओके इकडच्या ट्रेमध्ये, एनजी तिकडच्या. आठ तास. कधी बारा. पहिल्या महिन्यात माझ्याकडनं चिरा निसटायच्या. कस्टमरकडून माल परत आला की सुपरवायझर आईबहीण काढायचा. तेव्हा शेजारी बीडकडची एक मावशी होती, शाळेचं तोंड न बघितलेली. ती म्हणाली, "पोरा, चीर दिसत नसती. तितं उजेड मोडतो. तू पार्टाकडं बघू नको, उजेडाकडं बघ." त्या दिवसापासून मला दिसायला लागलं. दोन वर्षांत माझा डोळा असा झाला की पार्ट हातात फिरता फिरता कळायचं. बोटालासुद्धा कळायचं.

मग हिंजवडीकडनं दोन इंजिनिअर पोरं आली. वयानं माझ्याएवढीच. टेबलावर कॅमेरा लावला, गोल लाइट लावला, कॉम्प्युटर ठेवला. मॅनेजरनं मला बोलावलं. म्हणाला, उद्यापासून तू यांच्यासोबत. मला वाटलं, लॉटरी लागली. एसीची खोली, खुर्ची, हातात माऊस! तीन महिने मी फोटो बघितले. प्रत्येक फोटोत जिथं दोष आहे तिथं चौकोन काढायचा आणि लिहायचं, ब्लोहोल, चीर, ओरखडा. हजारो फोटो. पोरं मधीच विचारायची, "हे एनजी का? हे तर ओके दिसतंय." मी सांगायचो, उजेड बघा, इथं मोडलाय. ती लाइटची दिशा बदलायची. मावशीचं वाक्य असं त्या मशीनमध्ये गेलं. मावशीला कुणी विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात मशीन लाइनवर आली. तीन शिफ्टला मिळून आम्ही चौदा जण होतो. राहिलो चार. कुणाला काढलं म्हणाल तर कुणालाच नाही! ठेकेदारानं गेटपास पुढं वाढवला नाही, एवढंच. मावशी पहिल्या आठवड्यातच गेली. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले, एका साहेबानं भाषण केलं की आपल्या प्लांटमध्ये आता कृत्रिम बुद्धिमत्ता आलेली आहे.

त्या रात्री खोलीवर येऊन मी पगाराची चिठ्ठी काढली. त्यावर लिहिलेलं होतं: हेल्पर. अकुशल.

दोस्तांनो, हे नीट समजून घ्या. किमान वेतनाच्या कागदात कामगाराचे प्रकार असतात, अकुशल, अर्धकुशल, कुशल. जी गोष्ट माझ्या डोळ्यात होती तोवर अकुशल होती, ती कॅमेऱ्यात गेली आणि तिचं नाव बुद्धिमत्ता झालं. तिला किंमत आली. तिचा करार झाला, वर्षाची फी झाली. चोरी म्हणावं तर कुलूप फुटलेलं नाही. मीच हातानं काढून दिलं, वर आनंदानं.

आपल्या लोकांना हे नवीन आहे का? माझा आजा सांगायचा, गावची शीव महाराला ठाऊक. दोन गावांत बांधावरनं भांडण लागलं की महाराला बोलवायचे. त्याची साक्ष शेवटची. ते ज्ञान कुठल्या पोथीत नव्हतं, महाराच्या डोक्यात होतं. मग इंग्रज आला. 1836 च्या सुमाराला ह्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, नवी जमीन मोजणी सुरू झाली. दगड रोवले, नकाशे झाले, नोंदी झाल्या. हळूहळू महाराला विचारायची गरज संपली. वेठ मात्र संपली नाही! निरोप पोचव, लाकडं फोड, साहेबाच्या घोड्यामागं पळ, हे सगळं राहिलं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, आणि वतन प्रत्यक्षात खालसा व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. डोक्यातलं काढून घेतलं, पाठीवरचं ठेवलं.

चाकणला यंत्र काही काल आलं नाही. बजाजच्या चाकण कारखान्यात माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे छोटे रोबो, कोबॉट म्हणतात त्यांना, 2010 च्या सुमाराला आले. पण रोबो हात चालवतो. आता जे आलंय ते बघतं, निवडतं आणि निवाडा देतं. माणूस ठेवायचा का नाही, ह्याचासुद्धा. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो.

साहेब म्हणतात, मशीनला जात नसते. खरं आहे. मशीनला वही असते! मागच्या नोंदींची वही तिला दिली की ती त्यावरनं शिकते. आता विचार करा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. का? तर कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे आणि स्पृश्य कामगारांना त्याचा विटाळ. तिथं पगार जास्त होता, हे वेगळं सांगायला नको. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना ह्यावरच धरलं. समजा त्या गिरणीचं हजेरीबुक आजच्या मशीनला दिलं आणि विचारलं, विणकामाला कोण चांगला? मशीन काय सांगेल? एकही महार, मांग, चांभार त्या खात्यात नव्हता. ती सांगेल, ही माणसं ह्या कामाची नाहीत. विटाळ हा शब्दसुद्धा उच्चारणार नाही. आकडा देईल.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीनं 2014 पासून नोकरीचे अर्ज छाननारी मशीन बनवली. तिला मागच्या दहा वर्षांचे अर्ज दिले, त्यात बहुतेक पुरुष. मशीन बायकांच्या अर्जांना खाली ढकलायला लागली. कंपनीला ती गुंडाळावी लागली. 2018 साली रॉयटर्सनं हे छापलं. आणि आपल्या देशातलं ऐका. 2025 साली एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू ह्या मासिकानं छापलं, की एका दलित संशोधकानं अर्जाचं इंग्रजी नीट करायला चॅटजीपीटीला दिला. इंग्रजी नीट झालं. सोबत आडनावही नीट झालं! मशीननं त्याला शर्मा करून टाकला.

आपल्याकडं छोट्या कंपन्यांत एवढं मोठं काही नसतं. चेहरा दाखवायची हजेरी असते. रात्रपाळी करून सुजलेलं तोंड मशीननं ओळखलं नाही, की अर्धा दिवस कापला. ठेकेदाराकडं जा, तो म्हणतो, "मी काय करू, सिस्टीममध्ये नाही." सुपरवायझर म्हणतो, सिस्टीममध्ये नाही. एचआरची मॅडम म्हणते, सिस्टीममध्ये नाही. आपल्या आज्याला भट म्हणायचा, मी काय करू, शास्त्रात नाही. शास्त्र कुणी लिहिलं हे विचारायला बाबासाहेब यावे लागले आणि 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळावी लागली. सिस्टीम जाळायची गरज नाही. कंपनीनंच विकत घेतलीय, पावती असेल. पावती बघायला मागू.

एक कंस. 2025 च्या जुलैत टीसीएसनं जाहीर केलं की बारा हजारांवर माणसं कमी करणार. एआयमुळं नाही, असं त्यांचे साहेब म्हणाले. असेल. पण पेपरांनी पहिल्या पानावर घेतलं, दिल्लीपर्यंत बोभाटा झाला. आमच्या दहा जणांचे गेटपास बंद झाले त्याची चौकोनी बातमीसुद्धा नाही. तरी हिंजवडीच्या त्या दोन पोरांवर माझा राग नाही. त्यातला एक मला परवा भेटला. तो काम शोधतोय.

काही जण म्हणतील, मग यंत्रच नको. हे मला मान्य नाही. बाबासाहेबांनी 1945 च्या पुस्तकात गांधीवादाचा समाचार घेतला तेव्हा स्वच्छ मांडलं, की दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. चरख्याकडं परत जायची हौस त्यांना असते ज्यांनी पाठीवर ओझं वाहिलेलं नाही. मला यंत्र पाहिजे. पण जिथं यंत्र पाहिजे तिथं ते येतंय का? गटार साफ करणारा रोबो केरळच्या पोरांनी बनवला, 2018 पासून तो चालतोय. 2013 साली माणूस गटारात उतरवण्याविरुद्ध कायदा झाला. 2023 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेला तर कुटुंबाला तीस लाख द्या. तरीही माणसं उतरतायत, मरतायत. आणि ती कोणाची माणसं, हे ह्या हॉलमध्ये सांगायची गरज नाही. चिरा बघायला, जिथं बसून काम होतं, तिथं कॅमेरा तीन महिन्यांत येतो!

आपल्यालाही बोललं पाहिजे. 14 एप्रिलला वस्तीत फ्लेक्स लागला, एआयनं काढलेला. बाबासाहेब सिंहासनावर, शेजारी दोन वाघ, मागं वीज कडाडतेय. पोरांनी रात्रभर जागून केला. मी विचारलं, ह्या वर्षी पुस्तक किती जणांनी उघडलं? सगळे फ्लेक्सकडं बघायला लागले. मशीनकडनं देव करून घ्यायचा असेल तर तो आपल्याला आधीच बरेच आहेत.

आता कामाचं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 9-अ कलम होतं. यंत्रात, तंत्रात असा बदल करायचा की ज्यानं माणसं कमी होतील, तर 21 दिवस आधी नोटीस. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नोटिशीची तरतूद त्यातही आहे. पण कपात करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागायची, ती आता तीनशेला लागते. आणि आपल्यापर्यंत नोटीस येतच नाही. कागदावर आपला मालक कंपनी नसून ठेकेदार असतो. म्हणून युनियनवाल्यांकडं जायचं. परमनंट लोकांच्या युनियनकडं. ते आपल्याला चहा पाजून परत पाठवतील, मला ठाऊक आहे. 1928 ला सुद्धा पुढारी आधी टाळतच होते.

त्यांच्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही. मशीनला कुणी शिकवलं ह्याचा पुरावा न्यायचा. कोण किती दिवस कॅमेऱ्यापुढं बसला, कुणी फोटोंवर चौकोन काढले, कुणाच्या हाताचं शूटिंग झालं, तेव्हा चिठ्ठीवर काय हुद्दा होता. मागणी एकच धरू. ज्यानं मशीनला शिकवलं तो अकुशल कसा? हुद्दा बदला, फरक द्या, आणि मशीन आल्यावर पहिलं काम त्याला द्या.

म्हणून पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या आणा. दोन वर्षांच्या असतील तर दोन वर्षांच्या. गेटपास जपून ठेवला असेल तर तोही. ज्यांना ठेकेदार चिठ्ठीच देत नाही त्यांनी बँकेचं पासबुक आणा. मावशीचा पत्ता मी काढलाय. ती सध्या इथंच एका मंगल कार्यालयात भांडी घासते, लग्नसराईत रात्री दोन वाजतात. तिला सकाळी आणायचं का दुपारी, ते तेवढं आत्ताच ठरवू.