टायर बसला म्हणजे जमला असे नाही

(रात्रीच्या साक्षरता वर्गात एका सायकल-कारागिराने केलेले भाषण)



गुरुजींनी मला बोलायला बोलावले. मी म्हटले, "गुरुजी, मी सायकली दुरुस्त करणारा माणूस. मला भाषण कुठलं येणार?" ते म्हणाले, "दुकानात गिऱ्हाइकाला सांगता तेच सांगा." म्हणून येताना हा जुना टायर घेऊन आलो आहे. तो हातोहात पुढे द्या. त्याच्या अंगावर बोट फिरवा. उठून आलेले आकडे लागतील. आकडे इंग्रजी आहेत, पण तेही तुम्ही शिकलात असे गुरुजी म्हणाले. कोण वाचतो?

बरोबर. चाळीस, मग आडवी रेघ, मग सहाशे पस्तीस. ४०-६३५. दूधवाल्याची मोठी काळी सायकल असते ना, तिचा हा टायर. दुकानात आम्ही त्याला 'अठ्ठावीस-दीड' म्हणतो.

आता याचा अर्थ पाहा. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा आकडा रिमच्या व्यासाचा. टायरची कड रिममध्ये जिथे बसते तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचे. दोन्ही मापे मिलिमीटरची. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर.

इंचाचा आकडाही टायरवर असतो, पण त्यावर विसंबू नका. 'सव्वीसचा टायर द्या' असे गिऱ्हाईक म्हणते. सव्वीसचे प्रकार अनेक. एकाचा दुसरा आकडा ५९०, दुसऱ्याचा ५८४, तिसऱ्याचा ५५९. पहिल्यात आणि तिसऱ्यात तीन सेंटिमीटरांहून जास्त फरक! नाव एक, माप वेगळे. गावात एकाच नावाची तीन माणसे असली तर आपण बापाचे नाव विचारतो. तसा इथे हा दुसरा आकडा विचारायचा.

दुसरा आकडा चुकला तर टायर बसतच नाही, किंवा सैल पडतो. चूक लगेच कळते. पहिला आकडा मात्र फसवा आहे. दुसरा जुळला की अरुंद टायर बसतो आणि रुंदही बसतो. माणूस म्हणतो, "बसला ना? झालं तर!"

मीही तसेच म्हणालो होतो. ती गोष्ट सांगतो.

मी काम पेणला शिकलो आणि दुकान रोह्याला टाकले. माझे काका नागोठण्याजवळ राहतात. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईहून एक जुनी गिअरची सायकल आणली. टायर बारीक, २८-६२२. मागे कॅरिअर लावून घेतले. काका म्हणाले, "अरे, यावर गोणी टाकली की दगडावर हाडं खिळखिळी होतात. जाड टायर टाक." माझ्याकडे ४२-६२२ होता. दुसरा आकडा तोच. मी तो मागच्या चाकाला चढवला.

तो टायर मला सांगत होता, पण मी ऐकले नाही. हवा भरलेले चाक ब्रेकच्या रबरांमधून आत जाईना. मी हवा सोडली, चाक घातले, पुन्हा हवा भरली. मग टायर मडगार्डला घासू लागला. मी मडगार्डच काढून टाकले! हवा घट्ट भरली की टायरची कड रिममधून वर यायची. म्हणून हवा कमी ठेवली. काकांना म्हटले, "आता बघा, गादीवर बसल्यासारखं वाटेल."

तो जूनचा शेवट होता. लावणी तोंडावर आली होती. काका युरियाची गोणी मागे बांधून घरी निघाले. उताराच्या वळणावर टायर एका बाजूला कलला. कड रिममधून सुटली, ट्यूब बाहेर आली आणि फुटली. काका गोणीसकट पडले. खांद्याजवळचे हाड मोडले. हात गळ्यात बांधला. त्या वर्षी लावणीला काकांचा हात नव्हता. काकू आणि चुलतभाऊ पहाटेपासून चिखलात. मी दुकान बंद करून आठ दिवस जात होतो, पण मला त्यांच्यासारखे रोप लावता येत नाही. काका बांधावर बसून बघायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मग मी त्या रिमची आतली रुंदी मोजली. आधीच मोजायला हवी होती. टायर काढायचा आणि रिमच्या दोन कडांच्या मधली जागा पट्टीने मोजायची. भरली १५ मिलिमीटर. टायर ४२ चा. जवळजवळ तिप्पट!

डोक्यावर हंडा घेताना खाली चुंबळ ठेवतात. हंडा मोठा आणि चुंबळ लहान असली तर काय होते ते इथल्या बायकांना मी सांगायला नको. टायरचेही तसेच. टायर रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावा. रिम १५ ची असेल तर टायर २३ ते ३० चा. रिम १९ ची असेल तर २८ ते ३८ चा. कारखानदार थोडे इकडेतिकडे चालवतात, पण ओझे नेणाऱ्याने फार ताणू नये. काही रिमांवर माप कोरलेले असते, ६२२ × १९ असे. त्यात १९ ही आतली रुंदी.

उलट चूकही लोक करतात. रुंद रिमवर बारीक टायर. टायर स्वस्त मिळाला, सायकल हलकी पळेल, अशी समजूत. मग खड्ड्यात चाक आदळले की रिमच थेट दगडाला लागते. रिम वाकते. ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप डसल्यासारखी. तशी दोन भोके दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती किंवा टायर बारीक होता.

हवेचे टायर येण्याआधी सायकलला भरीव रबर असे. १८८८ साली बेलफास्ट शहरात डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली, तेव्हापासून हे टायर जगभर पसरले. आपले सगळे ओझे त्या हवेवर असते. रबर फक्त हवा धरून ठेवते आणि रिम रबराला धरते.

काका अजून तीच सायकल वापरतात. मागची रिम मी बदलली. आता ती १९ ची आहे आणि टायर ३५-६२२. मडगार्डही परत लागले. टायर झिजला की काका दुकानात येतात. नवा टायर हातात घेतात, चष्मा लावतात आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचतात. मग माझ्याकडे देऊन म्हणतात, "हं, आता चढव."